बसता येतंय ना?

त्या दिवशी डबा आला, पण टोमणा आला नाही. गाडीवानाला तिथेच खटकलं.

बायको जाऊन तेरा महिने झाले होते. तेरा महिने रोज सकाळी साडेनऊला वहिनी, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको, दोन गल्ल्या ओलांडून आणि तीन जिने चढून त्याच्यासाठी डबा आणत होत्या. डब्याबरोबर टोमणा ठरलेला. तीस वर्षं धाकटीच्या हातची अळणी भाजी गोड मानून खाल्लीत, आता माझं खाताना तोंड वाकडं करू नका. किंवा, हे दारातलं पायपुसणं धाकटीने टाकलं तेव्हापासून कुणी झटकलेलं दिसत नाही. धाकटी म्हणजे गाडीवानाची बायको. दोघी जावांचं तीस वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. धाकटी गेल्यावर वहिनी दोन्ही बाजूंनी एकट्याच भांडत होत्या. गाडीवानाला ते टोमणे हवेसे वाटायचे. त्या घरात त्याच्या बायकोचा विषय काढणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी वहिनींनी डबा टेबलावर ठेवला, झाकण घट्ट बसलंय एवढंच म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. एरवी त्या कधी बसत नसत. बसलं की चहा घ्यावा लागतो, आणि गाडीवानाच्या हातचा चहा म्हणजे शिक्षा, असं त्यांचं मत होतं. पायपुसणं मळकं पडलं होतं, तिकडे त्यांनी बघितलंही नाही. दिवस थंडीचे होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

काय होतंय, असं त्याने विचारलं. काही नाही, दाढ दुखतेय, वहिनी म्हणाल्या. खालची. कालपासून. जिने आज जरा जास्त वाटले. मळमळतंय, पण ते रात्री उशिरा जेवल्यामुळे. डावा हात जड झालाय, पण तो बादली उचलल्यामुळे. प्रत्येक दुखण्याला त्यांच्याकडे कारण तयार होतं, दुकानात मापाला वजन तयार असतं तसं.



त्याचं नाव गाडीवान पडलं ते गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात. एकतीस वर्षं त्याने तिथे स्ट्रेचर ढकललं. ढकलणारे स्ट्रेचरला गाडी म्हणायचे, आणि याच्याइतकी सफाईने गाडी कुणी वळवत नसे, म्हणून हा गाडीवान. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी त्या इमारतीचा प्रत्येक उंबरा आणि उतार त्याच्या मनगटात होता.

आणि तिथली दारं. बाहेरच्या माणसाला वाटतं हॉस्पिटलात आजारी माणूस जातो. गाडीवान सांगायचा, तिथे आजार कुणी बघत नाही, दार बघतात. समोरचं काचेचं दार हे आधी फोन करून येणाऱ्यांचं. माणूस घरून निघण्याआधी त्याची खोली तयार असायची, उशाला फुलं असायची, आणि मोठे डॉक्टर दारात उभे राहून घड्याळ बघत असायचे. बाजूचं तातडीचं दार हे उचलून आणलेल्यांचं. मागची खिडकी ही चालत येणाऱ्यांची. तिथे केसपेपर काढायचा आणि नंबर पुकारेपर्यंत वाट बघायची. बायकांसाठी आणखी एक दार होतं, बाळंतपणाचं. साध्या घरची बाई त्या दारातून दोनदा-तीनदा यायची. त्यानंतर ती हॉस्पिटलकडे फिरकायची नाही. फिरकलीच तर सासूची नाहीतर नवऱ्याची पिशवी धरून.

यावर तो एक किस्सा सांगायचा. एका कारखानदाराची मोटार भिंतीवर आदळली. आत तिघं होते. कारखानदार काचेच्या दारातून आला. त्याचं मनगट मुरगळलं होतं आणि तो सहा दिवस राहिला. त्याचा ड्रायव्हर तातडीच्या दारातून आला. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि तो दोन दिवस राहिला. मागच्या सीटवर त्यांची स्वयंपाकीण होती. ती चौथ्या दिवशी खिडकीवर आली, हात ओढणीने गळ्यात बांधून, आणि हात दोन ठिकाणी मोडला होता. चार दिवस काय करत होतीस, असं विचारलं तर म्हणाली, साहेब हॉस्पिटलात होते ना, त्यांचा डबा कोण करणार?

किस्सा ऐकून लोक हसायचे. गाडीवानही हसायचा. एकतीस वर्षं हसला.

पण किस्सा सांगताना एक गोष्ट तो गाळायचा. ती स्वयंपाकीण आली तेव्हा ड्यूटीवर तोच होता. खिडकी आणि तातडीचं दार यांच्या मधल्या बोळात एक लांब लाकडी बाक होता. गाड्या होत्या सात आणि दुखणाईत सत्तर, म्हणून ढकलणाऱ्यांनी आपापसांत एक नियम करून ठेवला होता. समोर येईल त्याला विचारायचं, बसता येतंय ना? येत असेल तर बाकावर. येत नसेल तर गाडीवर. नियम सोपा होता, वरचे साहेबही त्यावर खूश होते. आता गंमत अशी, की पुरुषांना बसता यायचं नाही. अंगठा कापलेला माणूस चौघांच्या खांद्यावरून यायचा आणि मान टाकायचा. बायकांना मात्र कशातही बसता यायचं. बसा म्हटलं की बसायच्या, मांडीवर पिशवी घ्यायच्या, वर शेजारणीला सरकून जागा द्यायच्या. स्वयंपाकीण दीड तास तशी बसली होती.

आणि तेरा महिन्यांपूर्वी त्याची बायको तिथेच बसली होती. पित्त आहे म्हणत होती, पाठ अवघडलीय म्हणत होती. लागोपाठ दोन मंगळवार एकटी खिडकीवर जाऊन पांढऱ्या गोळ्या घेऊन आली. तिसऱ्या मंगळवारी हा बरोबर गेला. ती बाकावर टेकली तेव्हा त्याने सवयीने विचारलं, "बसता येतंय ना?" ती म्हणाली, "हो." त्याला बरं वाटलं. चौथा मंगळवार उजाडला तेव्हा ती नव्हती.

तर आता खुर्चीत वहिनी बसल्या होत्या, नीट, ताठ, हात मांडीवर.

गाडीवान म्हणाला, हॉस्पिटलात जाऊ. वहिनी म्हणाल्या, दाढेसाठी कुणी हॉस्पिटलात जातं का? कपडे भिजत घातलेत. दादांचा दहाचा चहा व्हायचाय. दादा म्हणजे गाडीवानाचा थोरला भाऊ. या दादांच्या मागच्या वर्षी छातीत कळ आली होती. चार शेजारी, एक रुग्णवाहिका, तातडीचं दार, दोन दिवस मुक्काम, आणि शेवटी निघाला गॅस. एक गुलाबी औषधाची बाटली घेऊन दादा घरी आले. अजूनही बोलण्यात 'माझ्या हार्टच्या वेळी' असं म्हणायचे. त्या रुग्णवाहिकेला फोन वहिनींनीच केला होता, आणि ती येईपर्यंत अनवाणी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून मोटारी थांबवल्या होत्या.

ते आठवलं आणि गाडीवानाच्या डोक्यात प्रकाश पडला. वहिनी स्वतःसाठी उठणार नाहीत. त्याने छातीवर हात ठेवला.

"वहिनी," तो म्हणाला, "खरं सांगू? मलाच बरं वाटत नाहीये. छातीत दुखतंय. एकट्याला जायची भीती वाटते."

वहिनी ताडकन उठल्या. दाढ गेली, बादली गेली, दादांचा चहा गेला. दोन मिनिटांत त्यांनी टॉवेल, पाण्याची बाटली, त्याची जुनी कागदपत्रं आणि चष्म्याचं घर पिशवीत भरलं, गॅस बंद आहे का पाहिलं आणि त्यालाच दंडाला धरून जिना उतरवायला लागल्या. प्रत्येक जिन्यावर त्या थांबत होत्या. तुम्हाला दम लागला असेल म्हणून थांबतेय, असं म्हणत होत्या. दम त्यांना लागत होता, पण मनगट त्याचं धरलं होतं.

रिक्षात गाडीवानाने मनात बेत पक्का केला. दारात पोचलो की सांगायचं, दुखणाईत मी नव्हे, या. आधी सांगून उपयोग नव्हता. वहिनी चालत्या रिक्षातून उतरल्या असत्या. वाटेत वहिनी त्याला सूचना देत होत्या. बोलू नका, दीर्घ श्वास घ्या, उगाच शूरपणा करू नका. पुरुष माणसं अंगावर काढतात आणि मग घरच्यांना पळापळ करायला लावतात, असं त्या म्हणाल्या. त्याला दादांची गुलाबी बाटली आठवली, पण तो गप्प राहिला. आजारी होता ना.

तातडीच्या दारातली माणसं सगळी नवी होती. टेबलाशी एक कारकून बसला होता. त्याने मान वर न करता विचारलं, काय होतंय, आणि गाडीवानाने तोंड उघडलं. पण वहिनी पुढे झाल्या. स्वतःच्या दाढेबद्दल बोलताना त्यांचा आवाज पुटपुटल्यासारखा होता. आता तो आवाज बोळाच्या दुसऱ्या टोकाला पोचला.

"हे माझे धाकटे दीर. छातीत दुखतंय. घरात एकटे असतात. यांची बायको वर्षापूर्वी इथेच गेली, तिला तुम्ही बसवून ठेवलं होतं. यांना बाकावर बसवलंत तर मी इथून हलणार नाही."

कारकुनाने मान वर केली. बाकावरच्या बायकांनीही केली. गाडीवान बोलायचं विसरला. धाकटीसाठी वहिनी कुणाशी भांडतील, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, ते पुसायला तो भिंतीला टेकला, आणि तेवढ्यात त्याचे पाय कुणीतरी उचलले.

तो गाडीवर आडवा होता.

हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं. एकतीस वर्षं त्याने गाडी वरून पाहिली होती, खालून कधी नाही. छताला ओल आलेली होती. ढकलणारा पोरगेलासा होता आणि त्याला कामाचं वळण नव्हतं. उतारावर त्याने गाडीवानाच्या डोक्याकडची बाजू पुढे घेतली, आणि बोळाच्या कोपऱ्यावर गाडी भिंतीला घासली. गाडीवानाला राहवेना. आधी मागचं चाक धर, तो म्हणाला, मग पुढचं सोड. ढकलणाऱ्याने घाबरून आत ओरडून सांगितलं की दुखणाईत बडबडतोय.

चार मिनिटं. गाडीवानाने समोरच्या घड्याळात पाहिलं. दारापासून पलंगापर्यंत आणि शर्टापासून तारांपर्यंत चार मिनिटं. छातीवर चिकट टिकल्या, त्यांना तारा, हाताला सुई, नाकाशी नळी, डोक्याशी टिकटिकणारं यंत्र. एक तरुण डॉक्टर, मुलगीच म्हणायची, त्याच्यावर वाकून एकसारखी बोलत होती. काका घाबरू नका, काका सगळं ठीक होईल, काका कधीपासून दुखतंय.

मला दुखत नाहीये, गाडीवान म्हणाला. दुखणं माझं नाही, या वहिनींचं आहे.

डॉक्टरने सिस्टरकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्याला उलटं वाचता येत होतं, तेही नोकरीतच शिकला होता. 'बोलण्यात गोंधळ', असं लिहिलं होतं.

तो पुन्हा म्हणाला, मी खोटं बोललो. यांना आणायचं होतं म्हणून. यांना घाम बघा केवढा आलाय. सिस्टरने त्याचा हात थोपटला आणि घरच्यांची काळजी नंतर करा म्हणाली. तो जितकं समजावून सांगत होता तितका कागद भरत चालला होता. शेवटी डॉक्टर चांगली होती म्हणून तिने वहिनींना विचारलं, तुम्हाला काही होतंय का?

"मला काय धाड भरलीय," वहिनी म्हणाल्या. "दाढ दुखतेय जराशी. तुम्ही यांच्याकडे बघा."

दातांचे डॉक्टर पहिल्या मजल्यावर बसतात, डॉक्टर म्हणाली, मागच्या खिडकीवर केसपेपर काढा. आणि बरोबरच्यांनी आता बाहेर थांबायचं, बाकावर. बसता येईल ना?

हो की, वहिनी म्हणाल्या. गाडीवानाचा शर्ट घडी करून त्यांनी पिशवीत ठेवला, त्याच्या चपला हातात घेतल्या आणि त्या बाहेर गेल्या.

पलंगाभोवतीच्या पडद्याला एक फट होती. त्या फटीतून बाकाचं एक टोक दिसत होतं. त्या टोकाला वहिनी बसल्या. ताठ. मांडीवर पिशवी, पिशवीवर चपला. तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण शेजारच्या बाईचा पडलेला केसपेपर त्यांनी वाकून उचलून दिला. गाडीवानाचा कागद यंत्रातून बाहेर आला. डॉक्टरने तो बघितला आणि खुशीत म्हणाली, काका, तुमचं हृदय तरण्या माणसासारखं आहे. पण तुम्हाला सोडणार नाही हं, सहा तास नजरेखाली ठेवायचं, मग पुन्हा कागद काढायचा. काचेच्या दारातून आला असता तरी याहून जास्त लाड झाले नसते. सिस्टरने त्याची उशीसुद्धा नीट केली.

तेवढ्यात बोळात गलका झाला. एका माणसाला तिघा मित्रांनी धरून आणलं होतं. अंगठ्याला फडकं गुंडाळलं होतं आणि तो विव्हळत होता. बाक भरलेला होता. गाडीवानाने फटीतून पाहिलं. वहिनी उठल्या. इथे बसा, असं त्यांनी खुणेनेच त्या अंगठेवाल्याला सांगितलं, आणि त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. हातातली एक चप्पल खाली पडली. ती उचलायला वहिनी वाकल्या नाहीत.

पडलेली वस्तू न उचलणाऱ्या वहिनी गाडीवानाने जन्मात पाहिल्या नव्हत्या.

त्याने दोन्ही हातांनी तारा धरल्या आणि उपटल्या.

यंत्राने जो आक्रोश केला तो चार खोल्यांत ऐकू गेला. यंत्रावरची रेघ आडवी झाली. डॉक्टर धावली, दोन सिस्टर धावल्या, कुणी तरी ते छातीला झटका द्यायचं यंत्र ढकलत आणलं. पलंगावर कुणी नव्हतं. रिकामी उशी होती, नीट केलेली.

गाडीवान बोळात होता. उघडाबंब, छातीवर टिकल्या, दोन तारा मागे लोंबतायत, सुई लावलेला हात वर धरलेला. भिंतीशी गाडी उभी होती. त्याने टाचेने ब्रेक उडवला आणि ती वहिनींजवळ आणली.

वहिनींना तशातही लाज वाटली. "अहो भाऊजी, उघडे काय फिरताय? लोक बघतायत."

"वहिनी, यावर झोपा."

"मी कशाला झोपू? मी तुमच्याबरोबर आलेय."

बाकावरचे सगळे बघत होते. अंगठेवाला विव्हळायचा थांबला होता. गाडीवानाला मोठं बोलता येत नसे, ते त्याच्या बायकोचं काम होतं. तो हळूच म्हणाला, "धाकटी याच टोकाला बसली होती, वहिनी. मी तिला विचारलं, बसता येतंय ना, आणि ती हो म्हणाली."

वहिनींनी बाकाच्या त्या टोकाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या दंडाला धरून त्या गाडीवर आडव्या झाल्या. पिशवी मात्र सोडली नाही, पोटावर घेतली.

गाडीवानाने वहिनींच्या पायांकडची बाजू पुढे घेतली, उतारावर तोल मागे घेतला आणि बोळाच्या त्या कोपऱ्यावर गाडी एका झटक्यात वळवली, भिंतीला न शिवता. समोरून मोठ्या सिस्टर येत होत्या. आरडाओरडा ऐकून त्या वरच्या मजल्यावरून खाली आल्या होत्या. तेवीस वर्षांपूर्वी त्या नवीन लागल्या तेव्हा रडत जिन्यात बसल्या होत्या आणि गाडीवानाने त्यांना चहा आणून दिला होता. आता अख्खं हॉस्पिटल त्यांना वचकून होतं. त्यांनी आधी गाडीचं वळण पाहिलं आणि मग माणूस.

"गाडीवान, हे काय सोंग आहे?"

"माझं सोंगच आहे, सिस्टर. यांचं नाही."

मागून डॉक्टर धावत आली आणि हा दुखणाईत भ्रमात आहे वगैरे सांगायला लागली. मोठ्या सिस्टरने वहिनींच्या कपाळाला हात लावला, मग तो हात आपल्या एप्रनला पुसला. एवढा घाम होता. त्या डॉक्टरला म्हणाल्या, तारा मोकळ्याच आहेत, यांना लावून बघू.

यंत्रातून कागद आला. डॉक्टरने तो हातात घेतला. मघापासून एकसारखी बोलणारी ती पोर एकदम गप्प झाली, आणि गाडीवानाला ती शांतता ओळखता आली. एकतीस वर्षांत त्याने ती पुष्कळदा ऐकली होती.

"कधीपासून दुखतंय यांना?" तिने हळू आवाजात विचारलं.

"कालपासून," वहिनी झोपल्या झोपल्या म्हणाल्या. "पण दाढ दुखतेय."

मग धावपळ झाली ती खरी. वहिनींना वर नेलं. गाडी त्या मघाच्या पोराने ढकलली आणि गाडीवान शेजारून पळत त्याला कोपरे सांगत होता. या वेळी पोराने ते ऐकलं. वरच्या दाराशी गाडीवानाला अडवलं, कारण आत उघड्या माणसांना सोडत नसत. मोठ्या सिस्टरने त्याला एक डॉक्टरचा पांढरा कोट दिला. पुढचे दोन तास तो कोट घालून गाडीवान दाराबाहेर उभा होता आणि येणारे-जाणारे नातेवाईक त्याला पेशंटबद्दल विचारत होते. बसा म्हणून सगळे सांगत होते. तो बसला नाही.

तिथेच कारकून त्याला शोधत आला. कारकुनाची पंचाईत झाली होती. तातडीच्या दारातून एक पुरुष दाखल झाला होता, वय बासष्ट, आणि पलंगावर एक बाई सापडत होती, वय पासष्ट. गाडीवानाच्या कागदावर त्याने 'सल्ला न मानता पळून गेला' असं लिहून टाकलं. पण वहिनींच्या कागदावर रुग्ण कसा आला असा रकाना होता. रुग्णवाहिकेने, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, पोलिसांमार्फत, की केसपेपर काढून? यातलं एकही नाही, गाडीवान म्हणाला, त्या मला घेऊन आल्या. कारकून म्हणाला, असा रकाना नाही. बराच वेळ तो पेन चावत उभा होता. शेवटी त्याने 'इतर' लिहिलं.

दुपारी बाराला दादांचा फोन आला. दहाचा चहा अजून आला नव्हता. गाडीवानाने काय झालं ते सांगितलं.  मग दादा म्हणाले, येतो. ते खरंच आले, चुकीच्या गुंड्या लावून, आणि तातडीच्या दारात पोचल्याबरोबर थबकले. छातीवर हात ठेवून त्यांनी दाराची चौकट धरली. लगेच चार माणसं धावली आणि कुणीतरी गाडीसाठी हाक मारली. मोठ्या सिस्टर तिथेच होत्या. त्यांनी दादांची नाडी पाहिली, कागद काढायला लावला, तो नीट वाचला, आणि मग बाकाकडे बोट दाखवलं. दादा संध्याकाळपर्यंत बाकावर बसले होते. वहिनींची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. त्यात हे काय आहे, ते काय आहे, असं ते प्रत्येक वस्तू काढून बघत होते आणि परत ठेवत होते.

संध्याकाळी तरुण डॉक्टर बाहेर आली. ती फार दमलेली दिसत होती. हृदयाची अडलेली नळी मोकळी केलीय, वाचल्या, ती म्हणाली. अजून तासभर बाकावर राहिल्या असत्या तर, असं म्हणून ती थांबली. मग तिने विचारलं, काका, तुम्हाला कसं कळलं?

टोमणा आला नाही, गाडीवान म्हणाला. डॉक्टरने मान डोलावली. तिला काहीच कळलं नव्हतं, पण या वेळी तिने कागदावर लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी वहिनींना बायकांच्या साध्या वॉर्डात आणलं. गाडीवान भेटायला गेला तेव्हा आजूबाजूच्या पलंगांना झाली ती हकिकत आधीच कळलेली होती, वहिनींच्या तोंडून. त्यांची हकिकत अशी, की दिराच्या छातीत दुखायला लागलं, बिचारे एकटे, त्यांना वेळेवर आणलं म्हणून ते वाचले, आणि त्या धसक्याने माझं हे असं झालं. वॉर्डातल्या बायका गाडीवानाकडे कौतुकाने आणि जरा रागाने बघत होत्या. त्याने हकिकत दुरुस्त केली नाही. वहिनींनी त्याला वाचवलं यात तसं खोटंही काही नव्हतं.

ताटातली भाजी अर्धी तशीच होती. दादांनी घरून काही आणलं नव्हतं. ते गेले तीन दिवस चहा करायला शिकत होते. वहिनींनी चमच्याने भाजी जरा ढवळली.

"हे खाल्लं की धाकटीची आठवण येते," त्या म्हणाल्या. "तीही मीठ असंच विसरायची."

गाडीवान खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक पाण्याची टाकी होती. ती तो बराच वेळ बघत राहिला.

मागे हालचाल झाली. वहिनी कोपरावर भार देऊन, दात आवळून, उशीला टेकून बसल्या होत्या. ताठ. हात मांडीवर.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मला बसता येतंय. सांगा त्या पोरीला, आणि चला घरी. कपडे चार दिवस भिजतायत."

"बसता तुम्हाला नेहमीच येतं, वहिनी," गाडीवान म्हणाला. "आडव्या व्हा बघू."

त्याने उशी खाली ओढून नीट केली आणि त्या कुरकुरत आडव्या झाल्या.